राज गेले, द्रोह राहिला

खुनाच्या एखाद्या खटल्याची बातमी येते आणि तिच्यावर मथळा असतो : 'मुख्य साक्षीदार फितूर'. पोलिसांना दिलेल्या जबाबात त्याने एक सांगितलेले असते, कोर्टात पिंजऱ्यात उभा राहिल्यावर तो दुसरेच सांगतो. कोर्टाच्या इंग्रजीत त्याला 'हॉस्टाइल' म्हणतात, म्हणजे ज्याने बोलावले त्याच्याच विरुद्ध गेलेला. मराठीने त्यासाठी नवा शब्द घडवला नाही. बखरींतला आणि दरबारी पत्रांतला शब्द उचलला. गडाचा किल्लेदार फितूर होई, मध्यरात्री दिंडीदरवाजा आतून उघडला जाई आणि सकाळी बुरुजावर दुसरेच निशाण दिसे. राज्य बुडवणाऱ्या कृत्याचे ते नाव होते.

तो शब्द आज ज्याच्यावर पडतो तो साक्षीदार कोणाचा सरदार नसतो, त्याने कोणाचे मीठ खाल्लेले नसते. तरी 'फितूर' म्हटले की तो आपला होता आणि पैसे घेऊन शत्रूला मिळाला, असे आपण न विचारता धरून चालतो. बहुतेक वेळा तसे घडतही असेल. पण पहिला जबाब दडपणाखाली दिलेला होता आणि खरे तो आता बोलतो आहे, ही शक्यता या शब्दात कुठेच बसत नाही. फौजदाराने लिहून घेतलेला कागद म्हणजे आपला गड, हे शब्दानेच ठरवून टाकले आहे. निकाल न्यायाधीश देतील तेव्हा देतील, भाषेने तो आधीच दिलेला आहे.

मला ज्या शब्दाविषयी लिहायचे आहे तो याच कुळातला, पण याहून कितीतरी वजनदार आहे. राजद्रोह. या एका शब्दापायी मराठी संपादक तुरुंगात गेले, कवितांचे एक पुस्तक छापणारा माणूस अंदमानात गेला, एक नाटक रंगमंचावरून उतरवले गेले, निबंधांचे खंड जप्त झाले. आधुनिक मराठी गद्याच्या घडणीत छापखान्याचा आणि शाळाखात्याचा वाटा किती, याची चर्चा आपण करतो. दंडसंहितेच्या 124 अ या कलमाचा वाटाही त्याच तोलाचा आहे, असे माझे मत आहे.

आधी शब्दाकडेच पाहू. संस्कृतात 'द्रोह' हा तसा मोकळा शब्द आहे; अपकार करण्याची इच्छा, वैरभाव, एवढाच त्याचा अर्थ. मराठी कानाला मात्र त्यात आणखी काही ऐकू येते. मित्रद्रोह, गुरुद्रोह, स्वामिद्रोह. यातल्या प्रत्येक ठिकाणी आधी एक नाते आहे. मित्राने विश्वास टाकला आहे, गुरूने विद्या दिली आहे, धन्याने पोटाला घातले आहे. ते नाते आतून पोखरले जाते तेव्हा आपण द्रोह म्हणतो. उघड शत्रूवर चालून जाणाऱ्याला मराठीत कोणी द्रोही म्हणत नाही. म्हणजे राजद्रोहाचा आरोप ठेवताना एक गोष्ट गृहीत धरलेली असते : या राजाशी तुमचे नाते होते, तुम्ही ते मान्य केले होते आणि मग मोडले.

इंग्रज सरकारशी असे नाते कोणी जोडले होते? कलमाच्या भाषेत हा प्रश्न लपलेला नाही, चांगला ठळक दिसतो. मेकॉलेच्या 1837 च्या मसुद्यात हे कलम होते. 1860 साली दंडसंहिता मंजूर झाली तेव्हा ते तिच्यात आले नाही. 1870 मध्ये, जेम्स फिट्झजेम्स स्टीफन कायदेमंत्री असताना, ते घातले गेले. कायद्याने प्रस्थापित झालेल्या सरकारविषयी 'डिसअफेक्शन' चेतवणे हा गुन्हा ठरला. मराठीत त्यासाठी अप्रीती म्हणा, असंतोष म्हणा. मुळात अफेक्शन, म्हणजे प्रीती, अपेक्षित होती. चोरीच्या काय किंवा खुनाच्या काय, कलमाला तुमचा हात आणि हेतू या दोन्हींशी कर्तव्य असते. या कलमाला तुमच्या वाचकाच्या मनात सरकारविषयी माया आहे की नाही, याच्याशी कर्तव्य होते.

1897 साली मुंबई हायकोर्टात टिळकांवर पहिला राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला हा अर्थ आणखी ताणून सांगितला. डिसअफेक्शन म्हणजे अफेक्शनचा अभाव. द्वेष, वैर, नावड, तिरस्कार, सरकारविषयीचा कोणत्याही प्रकारचा दुर्भाव त्यात येतो. पुढे कायदेपंडितांनी यावर पुष्कळ वाद घातला. 1916 मध्ये याच हायकोर्टात न्यायमूर्ती बॅचलर यांनी नुसत्या अभावाचा हा अर्थ मानला नाही आणि बेळगाव-नगरच्या भाषणांवरून टिळकांकडून चांगल्या वर्तणुकीसाठी मागितलेला जामीन रद्द केला. पण 1897 मध्ये जो अर्थ लागला त्याने अठरा महिन्यांची सक्तमजुरी दिली. प्रेम नसणे हाच गुन्हा, असे ज्या कायद्यात वाचता येते त्या कायद्याने साहित्याच्या अंगणात पाय टाकलाच म्हणून समजावे. कारण भाव कोणता, तो कसा सुचवला, वाचकाच्या मनात काय जागे झाले, हे ठरवायचे काम कोर्टाकडे आले. आपल्याकडे रसचर्चा करणारे हजार वर्षे जे काम करत आले ते आता ज्यूरीने करायचे होते.

त्या खटल्यातले मुख्य पुरावे कोणते होते ते पाहा. 15 जून 1897 च्या 'केसरी'तली 'शिवाजीचे उद्गार' ही कविता, खाली सही 'भवानी तलवार' अशी. आणि शिवराज्याभिषेकाच्या उत्सवाचा वृत्तांत, ज्यात अफजलखानाच्या वधाविषयीचे भाषण होते. कवितेत शिवाजी महाराज जागे होऊन देशाची दशा पाहतात. इंग्रजांना मारा असे त्यात लिहिलेले नाही. पण 22 जूनला पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली आणि एक आठवडा आधी छापलेली कविता पुरावा झाली. कविता आणि गोळी यांच्यामध्ये काय आहे, हा प्रश्न साहित्यातला की कायद्यातला? नऊ जणांच्या ज्यूरीने सहा विरुद्ध तीन असे उत्तर दिले. सहा युरोपियन एका बाजूला, तीन हिंदी दुसऱ्या बाजूला. एका कवितेची दोन वाचने इतकी स्वच्छ विभागलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

1908 च्या खटल्यात हीच गोष्ट भाषांतराच्या रूपाने पुढे आली. 'देशाचे दुर्दैव' हा 12 मेचा अग्रलेख आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हा 9 जूनचा. मुझफ्फरपूरला क्रांतिकारकांनी टाकलेल्या बाँबनंतर लिहिलेले. कोर्टापुढे मूळ मराठी होते, पण ज्यूरीतल्या सात युरोपियन आणि दोन पारशी सदस्यांपुढे होते ते सरकारी भाषांतर. टिळकांनी वकील न देता स्वतः बाजू मांडली आणि एकवीस तासांहून अधिक बोलले. त्यातला मोठा भाग शब्दांच्या छटांवर खर्च झाला. त्यांचे म्हणणे असे की मराठीत राजकारणाची परिभाषा अजून घडते आहे. इंग्रजीतल्या कल्पनांसाठी आम्ही शब्द बनवतो आहोत, जुन्यांना नवा अर्थ देतो आहोत. त्या शब्दांना कोशातला सर्वांत कडक इंग्रजी पर्याय लावला की लेखाचा सूरच पालटतो. सरकारी भाषांतरकाराची त्यांनी उलटतपासणी घेतली ती एखाद्या व्याकरणकाराने घ्यावी तशी.

मी हा खटला प्रथम वाचला तेव्हा त्यातले देशभक्तीचे तेज मला दिसले. पुढे भाषांतराच्या कामात काही वर्षे घालवल्यावर पुन्हा वाचला, तेव्हा दुसरेच दिसले. एक माणूस आपल्या भाषेच्या वतीने झगडत होता. माझे मराठी वाक्य तुम्ही इंग्रजीत नेलेत, तिथे त्याला गुन्हा चिकटला आणि आता त्या इंग्रजी वाक्यासाठी मला शिक्षा करता आहात, हा त्याचा आक्षेप होता. सात विरुद्ध दोन मतांनी तो दोषी ठरला. न्यायमूर्ती दावर यांनी, 1897 मध्ये ज्यांनी बॅरिस्टर म्हणून टिळकांना जामीन मिळवून दिला होता त्यांनीच, सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली.

इथे खरे तेच लिहिले पाहिजे. ते अग्रलेख निरुपद्रवी होते, असे मी म्हणणार नाही. बाँब हा जुलमाचा परिणाम आहे, असे सांगणारा लेख बाँबविषयी भीतीही जागवतो आणि कुतूहलही. टिळकांच्या वाचकांना ते काय सुचवतात हे कळत होते आणि टिळकांना ते कळते हे ठाऊक होते. दावर यांचे वाचन मूर्खपणाचे नव्हते. प्रश्न वाचन बरोबर की चूक हा नव्हताच. जे सरकार माझ्या संमतीशिवाय माझ्यावर बसले आहे त्याच्याविषयी माझ्या वाचकाला अप्रीती वाटली तर मी कोणाचा द्रोह केला, हा प्रश्न होता. आणि त्याला दंडसंहितेत उत्तर नव्हते.

हे उत्तर मराठी लेखकांनी दुसरीकडे शोधले, आणि ते त्यांना आपल्या पुराणांत तयार सापडले. आपल्या परंपरेत राजाविरुद्ध जाणारा प्रत्येक जण पापी नाही. वेन राजा उन्मत्त झाला तेव्हा ऋषींनीच त्याला मारले. प्रल्हादाने बापाची आणि राजाची, दोन्ही आज्ञा एकदम मोडल्या आणि तो भक्तशिरोमणी झाला. बिभीषण तर चालू युद्धात शत्रूच्या गोटात गेला. लंकेच्या कायद्याने त्याहून मोठा गुन्हेगार नाही, पण रामायण त्याला राज्याभिषेक करते. दुसरीकडे राजा म्हणजे मनुष्यरूपातली देवताच असे सांगणारी वचनेही आहेत, आणि राजनिष्ठेचे धडे देणाऱ्यांना तीच सोयीची होती. म्हणजे परंपरेत दोन्ही आहे. कोण काय उचलतो यावर त्याची बाजू कळे.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी कीचक उचलला. विराटाच्या दरबारात राजा आहे, पण सत्ता कीचकाची. सैरंध्रीचा भर सभेत अपमान होतो. धर्मराज थांबा म्हणतो, भीम थांबत नाही. 1907 मध्ये 'कीचकवध' रंगमंचावर आले. त्यात इंग्रज नाही, व्हाइसरॉय नाही, पुणे-कलकत्ता नाही. पण प्रेक्षकांना कीचकात कर्झन दिसला, सैरंध्रीत देश दिसला, धर्मराजात नेमस्त दिसले आणि भीमात जहाल. 1910 मध्ये सरकारने नाटकाच्या प्रयोगावर बंदी घातली. महाभारताच्या विराटपर्वातल्या कथेवर सरकारला बंदी घालावी लागली, याहून त्या रूपकाच्या यशाची दुसरी पावती काय असणार? सरकारनेच कबूल केले की कीचक कोण ते आम्ही ओळखले.

शिवराम महादेव परांजपे यांच्या 'काळ' साप्ताहिकाची गोष्ट याहून सूक्ष्म. 1898 पासून ते वक्रोक्तीने लिहीत होते. सरळ स्तुतीसारखे वाक्य, आणि वाचक ते संपवतो तोवर त्याला दिसावे की आत दंश आहे. त्यांच्या निबंधांत परदेशाचा इतिहास येतो, पुराणकथा येते, निसर्गवर्णन येते आणि या सगळ्यांतून एकच अर्थ पाझरतो. 1908 मध्ये त्यांनाही राजद्रोहाखाली शिक्षा झाली. त्यांच्या निवडक निबंधांचे खंड जप्त झाले, आणि ती बंदी उठायला 1937 साल उजाडावे लागले. एका पिढीने ते निबंध चोरून वाचले. चोरून वाचलेले गद्य माणूस निराळ्या तऱ्हेने वाचतो, प्रत्येक ओळीखाली दुसरी ओळ शोधतो. ही सवय मराठी वाचकाला इतकी जडली की आजही आपल्या राजकीय स्तंभांत शकुनी, धृतराष्ट्र, शिखंडी यांच्याशिवाय पान हलत नाही. कायद्याने बंद केलेल्या दारातून वळणाची वाट काढली गेली आणि पुढे तीच हमरस्ता झाली. मला ही सवय पूर्णपणे चांगली वाटत नाही. सरळ बोलण्याची मुभा मिळाल्यावरही आपण महाभारताची पात्रे पुढे करतो, तेव्हा मूळ नाव घेण्याचे धैर्य त्या पात्रांआड जिरते.

नाशिकच्या खटल्यात हे वळणही वाचवू शकले नाही. गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकरांनी 'लघु अभिनव भारत माला' या नावाने कवितांचे छोटे पुस्तक काढले होते. 1909 मध्ये त्यांच्यावर नुसता राजद्रोहाचा आरोप ठेवला गेला नाही. कलम 121, म्हणजे सम्राटाविरुद्ध युद्ध पुकारण्याला चिथावणी दिल्याचाही ठेवला गेला. जन्मठेप आणि काळे पाणी. अपील मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती चंदावरकरांपुढे आले. ते मराठी उत्तम जाणणारे, प्रार्थना समाजाचे पुढारी, 1900 च्या काँग्रेसचे अध्यक्ष. इथे भाषांतराची तक्रार करायला जागा नव्हती. देवांची आणि शिवाजी महाराजांची नावे ही निमित्ते आहेत, खाली मुद्दा एकच आहे, परक्या सरकारविरुद्ध तलवार उचला, असे त्यांनी वाचले आणि शिक्षा कायम केली. मराठी कवितेचा इतका बारकाईने आणि इतक्या कठोर परिणामाने केलेला अर्थबोध आपल्या समीक्षेच्या इतिहासात नोंदवलेला नाही. नोंदवला पाहिजे.

कायदा एक नाव देत होता आणि साहित्य दुसरे. वासुदेव बळवंत फडके सरकारी कागदात दरोडेखोर होते, एडनच्या तुरुंगात 1883 मध्ये वारले, आणि मराठीने त्यांना आद्य क्रांतिकारक म्हटले. 1857 विषयी तर नावाचीच लढाई झाली. विष्णुभट गोडसे वरसईकरांचे 'माझा प्रवास' 1907 साली छापले गेले तेव्हा त्यातल्या हकीगतीला 'बंड' हेच नाव होते आणि ते कोणाला खटकले नाही. त्याच सुमारास लंडनमध्ये विनायक दामोदर सावरकर त्याच घटनेवर मराठीत ग्रंथ लिहीत होते आणि त्यांनी तिला 'स्वातंत्र्यसमर' म्हटले. घटना त्याच, माणसे तीच, झाशी तीच. फक्त नाव बदलले आणि ग्रंथ प्रसिद्ध होण्याआधीच बंदी आली. 'बंड' म्हटले की राज्य मूळचे आणि खरे. कोणीतरी त्याच्याविरुद्ध उठले. 'समर' म्हटले की दोन पक्ष समोरासमोर उभे राहतात. सरकारला हा फरक पानन् पान वाचायच्या आधीच कळला होता.

याहून चांगले उदाहरण मात्र शाळकरी मुलांच्या तोंडी आहे. 'भारतीय असंतोषाचे जनक कोण?' लोकमान्य टिळक, हे उत्तर पाठ नसलेला मराठी मुलगा सापडायचा नाही. हे बिरुद व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने दिलेले. 'इंडियन अनरेस्ट' या 1910 च्या पुस्तकात त्याने ते आरोप म्हणून वापरले. त्या पुस्तकावरून टिळकांनी लंडनमध्ये अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि 1919 मध्ये ती हरले. ज्या पुस्तकामुळे आपली अब्रू गेली असे ते कोर्टात म्हणत होते त्यातला शब्द महाराष्ट्राने उचलला, 'अनरेस्ट'चा 'असंतोष' केला आणि पदवीसारखा त्यांच्या नावाला जोडला. कलम 124 अ ज्या भावनेला गुन्हा म्हणत होते तिचे जनकत्व आता पाठ्यपुस्तकात गुण मिळवून देते. कायद्याच्या शब्दाचा इतका पुरता उलटा प्रवास घडवून आणायला लोकांना कोणाची परवानगी लागली नाही. 1908 मध्ये निकालानंतर मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद पडल्या, तेव्हा त्या कामगारांतल्या बहुतेकांनी 'केसरी'चे ते अग्रलेख वाचलेही नसतील. 'राजद्रोही' या शब्दाचा अर्थ त्यांनी रस्त्यावर ठरवला.

पण हा उलटा प्रवास सगळ्यांच्या वाट्याला आला नाही. ही बाजू सोडून दिली तर लेख अर्धाच राहील. 124 अ आले 1870 मध्ये. बरोबर पुढच्या वर्षी, 1871 मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा आला. एका कायद्याने मनातल्या भावनेला गुन्हा केले, दुसऱ्याने जन्माला. 1911 मध्ये तो दुसरा कायदा सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू करता येईल असा झाला. तारेची कुंपणे, पोलिसांची हजेरी, गावाबाहेर जायला परवाना. राजद्रोह्याला निदान खटला होता, ज्यूरी होती, एकवीस तास बोलायची मुभा होती. पारध्याच्या किंवा कैकाड्याच्या पोराला आरोपपत्रही मिळत नव्हते. त्याचे आडनाव हेच आरोपपत्र. संपादकाला लावलेला 'राजद्रोही' हा शब्द वीस-पंचवीस वर्षांत सन्मान झाला. 'गुन्हेगार' हा शब्द 1952 मध्ये कायदा रद्द होऊनही गेला नाही; सरकारने 'विमुक्त' असे नाव दिले, पोलीस ठाण्यात मात्र जुनेच नाव चालू राहिले.

तिथेही साहित्यच पुढे आले, पण किती उशिरा. अण्णाभाऊ साठ्यांच्या 'फकिरा'तला नायक खजिना लुटतो, हजेरीच्या जाचाला तोंड देतो, आणि कायद्याच्या दरोडेखोराला कादंबरी वीरपुरुष करते. ते 1959 साल होते. लक्ष्मण गायकवाडांनी 1987 मध्ये आपल्या आत्मकथनाला 'उचल्या' असे नाव दिले; शिवीच मुखपृष्ठावर घातली आणि ती कोणी दिली हे आत सांगितले. टिळकांना जे भाषांतराच्या वादात सांगावे लागले तेच इथे वेगळ्या रीतीने सांगितले गेले : हे नाव मी घेतलेले नाही, तुम्ही मला चिकटवलेले आहे. ज्यांच्या हाती छापखाना होता त्यांनी आपले नाव स्वतः बदलून घेतले. ज्यांच्या हाती नव्हता त्यांना पाऊणशे-शंभर वर्षे थांबावे लागले. राजद्रोहाच्या गौरवगाथा सांगताना ही तफावत आपल्या तोंडून निघत नाही.

1947 नंतर राज गेले. संविधान सभेत भाषणस्वातंत्र्यावरच्या मर्यादांच्या यादीत आधी 'सेडिशन' हा शब्द होता. कन्हैयालाल मुन्शींनी 1948 मध्ये तो काढायला लावला, आणि अंतिम संविधानात तो आला नाही. दंडसंहितेत मात्र कलम जसेच्या तसे राहिले. नेहरूंनी 1951 मध्ये संसदेत त्याच्याविषयी नापसंती बोलून दाखवली, तरी ते राहिले. 1962 मध्ये केदारनाथ सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले, पण अट घातली : हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी असेल तरच. नुसती कडक टीका हा गुन्हा नाही. ठाण्याच्या पायरीवर ही अट किती पाळली गेली हे महाराष्ट्राने 2012 मध्ये पाहिले. मुंबईत एका व्यंगचित्रकाराला या कलमाखाली अटक झाली. पुढे ते प्रकरण हायकोर्टात गेले आणि पोलिसांना मार्गदर्शक सूचना द्यायचे ठरले.

आणि इथे 1908 चा तो जुना प्रश्न पुन्हा समोर आला. ऑगस्ट 2015 मध्ये राज्य सरकारने मराठीत परिपत्रक काढले. इंग्रजीतल्या सूचनांत सरकारचे प्रतिनिधी असा उल्लेख होता, तो मराठीत आला तेव्हा लोकप्रतिनिधी त्यात येऊन बसले. म्हणजे एखाद्या निवडून आलेल्या पुढाऱ्याविरुद्ध लिहिणेही राजद्रोहाच्या वाटेवर आले. ओरड झाली, हायकोर्टाने त्यावर कारवाई करू नका म्हणून सांगितले, आणि भाषांतराचा घोळ मान्य करून सरकारने परिपत्रक मागे घेतले. एकशे सात वर्षांपूर्वी परक्या सरकारच्या भाषांतराने मराठी संपादकाला गुन्हेगार केले होते. या वेळी आपल्याच सरकारचे, आपल्याच भाषेतले भाषांतर होते. त्यामागे दुष्ट हेतू होता असे मला म्हणायचे नाही. 'राज' या शब्दातच ती जागा रिकामी आहे, हे मला दाखवायचे आहे. राजा गेला की त्या जागेवर जो दिसेल तो येऊन बसतो : मंत्री, आमदार, पक्ष.

11 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम स्थगित ठेवले. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली आणि 124 अ गेले. त्याच्या आसपासचे काम करायला 152 वे कलम आहे. देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणारी कृत्ये त्यात येतात. सात वर्षे किंवा जन्मठेप. सरकारच्या धोरणांवरची टीका त्यात मोडत नाही, असे स्पष्टीकरण कलमाखाली आहे. लोकसभेत गृहमंत्र्यांनी सांगितले की राजद्रोहाच्या जागी आता देशद्रोह आहे. राजाचे राज्य संपले, सरकारवर कोणीही टीका करावी, देशाविरुद्ध मात्र चालणार नाही.

ऐकायला हे न्याय्य वाटते, आणि यातला अर्धा भाग मी मनापासून मान्य करतो. सरकार आणि देश वेगळे, हेच तर टिळक, परांजपे, खाडिलकर जीव तोडून सांगत होते. तुरुंगात जाऊन त्यांनी या दोन शब्दांमधली फट मोकळी केली. सरकारवर माया नाही म्हणून देशावर नाही असे होत नाही, उलट देशावर आहे म्हणूनच सरकारवर नाही, हे त्यांनी मराठी माणसाच्या मनावर ठसवले. पण राजद्रोहाचा शब्द बदलून देशद्रोहाचा केला की शिक्षेची तलवार तीच राहते आणि आरोप मात्र कितीतरी जड होतो. राजद्रोही म्हणवून घेण्यात अभिमान वाटू शकत होता. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यापुढे 1922 मध्ये अहमदाबादेत गांधीजींनी तो आरोप आनंदाने कबूल केला आणि प्रेम कायद्याने निर्माण करता येत नाही असे सांगितले. देशद्रोहाचा आरोप असा कबूल करता येत नाही. तो झाला की माणूस सगळ्यांच्या नजरेतून उतरतो, खटला चालण्याआधीच. बोलणारा सरकारविरुद्ध बोलला की देशाविरुद्ध, हे पहिल्यांदा कोण ठरवणार? ठाणे अंमलदार. त्या रात्री त्याच्यासमोर ना केदारनाथ खटल्याचा निकाल असतो, ना कलमाखालचे स्पष्टीकरण.

माझ्या दृष्टीने याहून मोठे काम मराठी लिहिणाऱ्यांच्या हातात आहे. 152 व्या कलमाच्या शब्दांत देशद्रोह हा शब्द नाही. तो भाषणातून आला आहे, आणि तो मथळ्यात जाऊन बसला की मग 'फितूर' साक्षीदारासारखाच होईल. त्यातून निर्दोष सुटण्याची शक्यताच निघून जाईल. वर्तमानपत्रांत आजही राजद्रोह आणि देशद्रोह हे शब्द एकाच बातमीत आलटून पालटून येतात. पुनरुक्ती नको म्हणून किंवा रकान्यात बसतो म्हणून. जी फट बुजू नये म्हणून माणसे मंडालेच्या तुरुंगात गेली ती अशा हयगयीने बुजते.

मुंबई हायकोर्टात 1908 चा निकाल जिथे लागला त्या दालनाबाहेर 1956 मध्ये त्या खटल्यातले टिळकांचे शेवटचे उद्गार कोरलेली संगमरवरी पाटी बसवली गेली. मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी तिचे अनावरण केले. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली त्याच्याच भिंतीवर शिक्षा झालेल्याचे म्हणणे आहे. त्या पाटीजवळून रोज वकील जातात, वार्ताहर जातात. त्यांतल्या कोणी संध्याकाळी बातमी लिहिताना एवढेच लिहावे : अमक्यावर न्याय संहितेच्या कलम 152 खाली गुन्हा दाखल, तो अमुक बोलला असा पोलिसांचा आरोप. तो काय बोलला ते त्याच्याच शब्दांत द्यावे, पूर्ण वाक्य द्यावे, आणि द्रोह हा शब्द न्यायालयाने उच्चारेपर्यंत वापरू नये.